काचवाले आणि निळी पेटी

१४ मार्च, गुरुवार. मंजूर रक्कम तीन लाख ब्याण्णव हजार चारशे. मधल्या दर्जाचे ट्रॉम्बोन, नग आठ.

मंजुरीचा कागद वाद्यभांडारात आला तेव्हा काचवाले बेसिनपाशी हात धूत होते. ओल्या हातानं कागदाला शिवायचं नाही हा त्यांचा नियम. त्यांनी शिपायाला कागद टेबलावर ठेवायला सांगितलं, हात पुसले, चष्मा पुसला आणि मग तो वाचायला घेतला. रकमेबद्दल त्यांची तक्रार नव्हती. तक्रार होती शेवटच्या ओळीबद्दल. बावीस वर्षं त्या जागी एकच वाक्य यायचं: 'तपासनिसांच्या अहवालानुसार खरेदी करावी.' या वर्षी त्यात दोन शब्द घुसले होते. 'तपासनीस व वादक-सल्लागार यांच्या अहवालानुसार.'

वादक-सल्लागाराचं नाव कागदावर नव्हतं, पण ते कळायला काचवाल्यांना नाव लागत नव्हतं. सरकारी बँडमधून निवृत्त होऊन गेल्या हिवाळ्यात इथे राहायला आलेले, आणि आल्या आल्या चार शाळांतल्या मुलांना ट्रॉम्बोन शिकवायला लागलेले बँडमास्तर. काचवाल्यांच्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. म्हणजे सख्खे साडू.

काचवाले काच विकत नसत. शिक्षण खात्याच्या वाद्यभांडारात ते तपासनीस होते. शाळांना वापरायला दिली जाणारी पितळी वाद्यं निवडणं, दुरुस्त करणं आणि वर्षाअखेर परत मोजून घेणं हे त्यांचं काम. त्यांच्या खोलीत उत्तरेच्या खिडकीखाली बोटभर जाडीची एक काच सपाट बसवलेली होती. ट्रॉम्बोनची सरकती नळी, म्हणजे स्लाइड, उघडली की आत दोन लांब नळ्या शेजारी शेजारी असतात. त्या केसाएवढ्या जरी वाकड्या असल्या तरी बाहेरची नळी त्यांच्यावरून नीट सरकत नाही, आणि स्वर निघतात ते ती सात ठरलेल्या जागांवर थांबवूनच. काचवाले त्या नळ्या काचेवर ठेवत, वाकून डोळा काचेच्या पातळीला आणत आणि नळीखालून उजेड दिसतो का ते बघत. दिसलाच तर पातळ कागदाची पट्टी घालून तो किती आहे ते मोजत. त्यावरून मुलांनी त्यांना काचवाले म्हणायला सुरुवात केली, मग शिक्षकांनी, आणि शेवटी पगाराच्या कारकुनानंही.

मधला ट्रॉम्बोन निवडणं सगळ्यात अवघड, असं ते नेहमी सांगत. मूल पहिली तीन वर्षं साध्या वाद्यावर शिकतं. मग हात लांब होतो, ओठ पक्के होतात, आणि त्याला जरा वरचं वाद्य लागतं. मागे एक जादा वेटोळं असलेलं, अंगठ्यानं कळ दाबली की लांबचा स्वर जवळ आणून देणारं. "पहिलं वाद्य वाईट असलं तर पोराला कळत नाही," काचवाले म्हणत. "शेवटचं वाईट असलं तर वादक दुकानदाराच्या तोंडावर मारतो. मधलं वाईट असलं की पोराला वाटतं, वाद्य बरंय, मलाच येत नाही. आणि ते वाजवायचं सोडून देतं. मला असे दोन माहितेयत. एक आता दाताचा डॉक्टर आहे."

दुसरा कोण, हे ते सांगत नसत.

खरं तर दुसरे ते स्वतःच होते, फक्त कारण वेगळं होतं. एकोणिसाव्या वर्षी सायकलवरून पडून त्यांचे वरचे दोन दात गेले. खोटे दात बसले, पण ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून वारा सुटायला लागला तो कायमचा. तेव्हापासून त्यांना ट्रॉम्बोनवर एकच स्वर धड काढता यायचा, तोही मोजून चार सेकंद. वाद्यातली गळती त्यांना इतकी अचूक का सापडते असं कोणी विचारलं तर ते म्हणत, "सवयीची आहे."

मंजुरी आली त्या संध्याकाळी त्यांनी बायकोला बातमी दिली. बायको बटाटे सोलत होती.

"म्हणजे भावोजींना बोलावलं होय," ती म्हणाली. "बरं झालं की. तुम्हाला सोबत."

"सोबत कशाला? मी काय अंधारात चाललोय?"

"अहो, ते वाजवणारे आहेत. त्यांनी फुंकलं की पोटात कसं गार गार वाटतं."

"गार वाटायला बर्फ खा."

बायकोनं बटाट्यावरून नजर वर केली. "तुम्ही त्यांना पाण्यात बघता," ती शांतपणे म्हणाली. "ताईच्या लग्नापासून."

हे खरं होतं. ताईच्या लग्नात नवऱ्या मुलानं स्वतःच उठून ट्रॉम्बोन वाजवला होता. काचवाले तेव्हा नुकतेच धाकटीला बघून गेलेले, अजून होकार यायचा होता. खोट्या दातांवर ओठ दाबून ते तिसऱ्या रांगेत बसले होते, आणि शेजारी बसलेल्या धाकटीचे डोळे भरून आलेले त्यांनी पाहिले होते. एकतीस वर्षं झाली त्याला. होकार आला, संसार झाला, मुलगी शिकून परगावी नोकरीला लागली. ते भरून आलेले डोळे मात्र काचवाल्यांच्या मनात तसेच राहिले.

नमुने पुढच्या सोमवारी आले. तीन कारखान्यांचे, प्रत्येकी दोन. कारखान्यांची नावं काचवाले कधी तोंडानं घेत नसत, पेटीच्या रंगावरून बोलत: काळी, तपकिरी, निळी. बँडमास्तर अकरा वाजता आले. येताना स्वतःचा चष्मा रिक्षात विसरून आले, म्हणून दारातच हसत होते.

"साडूभाऊ, मला काही दिसत नाहीये. तुम्ही हातात द्याल तो वाजवतो."

त्यांनी तिन्ही वाद्यं आलटून पालटून फुंकली. काय वाजवलं ते काही मोठं नव्हतं, एक हळू धून, मग थोडी वरखाली धावपळ. पण पहिल्याच स्वराला शेजारच्या खोलीतल्या टंकलेखनाच्या बाई उठून दारात आल्या. मग हिशेबनीस आले. मग खात्याच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्या जिन्यावरून खाली उतरल्या. बावीस वर्षांत त्या या खोलीत चारदा आल्या होत्या आणि चारही वेळा छत गळत होतं म्हणून.

काचवाले बेसिनला टेकून उभे होते. स्वर छातीत शिरत होता आणि त्यांना त्याचा राग येत होता. आपल्याला आवडतोय, याचा जास्त.

दहा मिनिटांत बँडमास्तरांनी वाद्य खाली ठेवलं. "तपकिरीवाला," ते म्हणाले. "काळा जरा बंद बंद बोलतो. निळा बोलतो छान, पण त्याची स्लाइड मध्येच गचकते, नाही? चौथ्या जागेच्या आसपास. तपकिरी. बाकी तुमचं ते काचेवर बघा."

"बघू," काचवाले म्हणाले. "माझ्याकडे पद्धत असते."

"ती आहेच हो. तुमच्याकडे पद्धत, माझ्याकडे फुंक." आणि दारातली मंडळी हसली.

काचवाल्यांची पद्धत बेसिनपासून सुरू व्हायची. बेसिनच्या वर त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक चिठ्ठी डकवली होती: 'धुतल्याशिवाय मोजायचं नाही.' कारखाने नमुना पाठवताना स्लाइडला दाट तेल लावून पाठवतात. त्या तेलावर वाकडी नळीसुद्धा लोण्यासारखी सरकते, आणि महिना-दोन महिन्यांनी, तेल उडालं की, मग तिची चाल कळते. म्हणून काचवाले प्रत्येक नमुना कोमट पाण्यात साबणानं धूत, लांब कुंचा घालून आतून घासत, कोरडा करत आणि सगळ्यांना सारखे चार थेंब पाणी लावत. मग काच. मग त्यांची स्वतःची फळी: एका टोकाला बिजागरी, बाजूला मुलांच्या कंपासपेटीतला कोनमापक ठोकलेला. फळीवर स्लाइड ठेवायची आणि फळी हळूहळू उचलायची. किती अंशांवर स्लाइड आपोआप सरकायला लागते तो आकडा लिहायचा. शेवटी नळीचं एक तोंड अंगठ्यानं बंद करून दुसरं जिभेला लावायचं, हवा ओढून घ्यायची आणि नळी जिभेला किती वेळ चिकटून राहते ते घड्याळात बघायचं. ती लवकर सुटली की कुठेतरी गळती आहे.

तीन दिवस त्यांनी हेच केलं. काळा चौदा अंशांवर सरकला. तपकिरी नऊ अंशांवर, एकसारखा, कुठेही न थांबता. निळा सतरावर सुटला, मध्यावर आला, चौथ्या जागेपाशी अडला, आणि फळी आणखी उचलल्यावर पुढे गेला. काचेवर निळ्याच्या एका नळीखाली कागदाची पट्टी अलगद आत गेली.

बुधवारी संध्याकाळी पाच वाजता काचवाल्यांनी आकडे एका खाली एक लिहिले आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसले. सगळे आकडे तपकिरीच म्हणत होते. निळ्याची खोडसुद्धा बरोबर तिथेच होती जिथे साडूनं सांगितली होती. आपले तीन दिवस आणि त्यांची दहा मिनिटं, तीही तेल लागलेल्या नळीवर. चष्म्याशिवाय.

चुकीचा ठरला असता तर काचवाल्यांनी त्यांना मोठ्या मनानं माफ केलं असतं. त्याची त्यांनी तयारीसुद्धा केली होती. 'होतं असं, फुंकणाऱ्याला कळत नाही, चांगला वादक वाईट वाद्यालाही सांभाळून घेतो,' असं मोठ्या बाईंसमोर म्हणायचं वाक्य त्यांनी सोमवारपासून मनात घोळवून ठेवलं होतं. आता ते वाक्य कुठे ठेवायचं हे त्यांना कळेना. उद्या अहवालावर तपकिरी लिहिलं की पुढच्या वर्षी कोणीतरी विचारणारच, की साडूसाहेब दहा मिनिटांत सांगतात तर ह्या फळीचं आणि बेसिनचं करायचं काय. विचारणाऱ्याची चूकही नसणार.

गुरुवारी ते वेळेच्या अर्धा तास आधी आले. निळ्या कारखान्याचा दुसरा नमुना अजून पेटीतच होता. त्यांनी तो काढला. बेसिनकडे नेला नाही. स्लाइड तशीच, कारखान्याच्या तेलासकट, फळीवर ठेवली आणि फळी उचलली. दहा अंशांवर ती सुळकन खाली आली. कुठे थांबली नाही.

त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा दहा.

मग त्यांनी तिन्ही वाद्यं वजनकाट्यावर ठेवली. निळा तपकिरीपेक्षा एकशे चाळीस ग्रॅमनं हलका होता. हा मुद्दा खरा होता. तासभर वाद्य उचलून धरणाऱ्या तेरा वर्षांच्या हाताला एकशे चाळीस ग्रॅम कळतात. अहवालात त्यांनी हा मुद्दा सविस्तर, पाऊण पान लिहिला. स्लाइडच्या रकान्यात निळ्यासमोर दहा लिहिलं. काचेच्या रकान्यात 'ठीक'. आणि तक्त्यातला पहिला रकाना, 'धुतला' असा मथळा असलेला, तिथे त्यांनी तिन्हींसमोर बरोबरची खूण केली. निळा धुतला होताच की. तो पहिला नमुना. आणि मुलं काय स्लाइडला तेल न लावता वाजवणार आहेत? असं त्यांनी स्वतःला दोनदा सांगितलं. एकदा सांगून भागलं असतं तर दुसऱ्यांदा सांगावं लागलं नसतं, हे त्यांनाही समजत होतं. शिफारस: निळी पेटी.

मोठ्या बाईंच्या खोलीत दोघांना एकदमच बोलावलं होतं. बाईंनी अहवाल वाचला आणि चष्म्यावरून बँडमास्तरांकडे पाहिलं.

"तुम्ही तोंडी तपकिरी म्हणाला होतात."

"हो."

"हे निळी म्हणतायत."

काचवाले ताठ बसले. वाद होईल, साडू हट्टाला पेटेल, आपण वजनाचा मुद्दा काढू, असं सगळं त्यांनी रात्री अंथरुणात मांडून पाहिलं होतं.

"मग निळी," बँडमास्तर म्हणाले आणि खिशात पेन शोधायला लागले. "मी दहा मिनिटं फुंकलं, यांनी तीन दिवस घासलंय. हाताला काहीतरी लागलं खरं माझ्या, पण माझा हातही आता साठीचा झाला. कुठे करायची सही?"

"वाचून तरी बघा," काचवाल्यांच्या तोंडून निघालं.

"तुमची सही आहे ना खाली? मग वाचायचं काय त्यात, साडूभाऊ."

जिना उतरताना काचवाल्यांना जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याऐवजी जिन्यात भेटलेल्या टंकलेखनाच्या बाई बँडमास्तरांना म्हणाल्या, "किती मोठं मन आहे हो तुमचं," आणि काचवाल्यांच्या अंगाची लाही लाही झाली.

आठ निळ्या पेट्या जूनमध्ये शाळांना गेल्या. जुलै बरा गेला. ऑगस्टही.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी, दातांना तारा लावलेली एक मुलगी भांडाराच्या दारात उभी राहिली. उंची पेटीपेक्षा थोडीच जास्त. बँडमास्तरांच्या वर्गातली.

"हे परत करायला आलेय," ती म्हणाली.

"का?"

"मी सोडतेय."

काचवाल्यांनी पावतीचं पुस्तक काढलं. त्यात कारणाचा रकाना होता. "काय लिहू?"

मुलीनं खांदे उडवले. "मला नाही जमत. हळू वाजवलं की जमतं. जोरात जायचं असलं की मध्येच माझा हात अडकतो. सरांनी दाखवलं तर त्यांचा नाही अडकत. म्हणजे माझाच हात खराब आहे ना."

"कुठे अडकतो?"

तिनं हवेतच स्लाइड धरल्यासारखा हात पुढे नेला आणि थांबवला. चौथी जागा. हात अगदी बरोबर तिथे थांबला होता.

काचवाल्यांनी पावतीचं पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "शनिवारपर्यंत इथे ठेव. सोडायचं ते सोमवारी सोड."

"सोमवारी काय होणारे?"

"सोमवार होणारे. ठेव तू."

मुलगी गेल्यावर त्यांनी स्लाइड धुतली आणि काचेवर ठेवली. पट्टीसुद्धा लागली नाही, उजेड डोळ्यांनीच दिसत होता. नळी सरळ करणं हे नाजूक काम. लाकडाच्या खाचेत धरायची, तळहाताच्या उशीनं दाब द्यायचा, काचेवर बघायचं, पुन्हा दाब द्यायचा. जास्त झालं तर दुसरीकडे वाकते. एका वाद्याला चार तास लागले. हे काम त्यांनी दुरुस्तीच्या वहीत चढवलं नाही. चढवलं असतं तर कारण लिहावं लागलं असतं. बाकीची सात वाद्यं त्यांनी 'नेहमीची तपासणी' म्हणून एक एक करून मागवली आणि रविवारी रविवारी सरळ केली. बायकोनं विचारलं तर म्हणाले, साठा मोजतोय.

"भावोजी म्हणत होते, मुलांची वाद्यं अडतायत," ती म्हणाली.

"काय म्हणत होते?"

"काही नाही. म्हणे, तेल आणून घातलं. आठ बाटल्या. साडूभाऊंना सांगू नका म्हणाले, त्यांना उगीच वाईट वाटेल."

काचवाल्यांनी चहा अर्धाच ठेवला. ते दुसऱ्या दिवशी त्या मुलीच्या शाळेतल्या सरावखोलीत गेले. खुर्च्यांच्या दोन रांगा, भिंतीला टेकलेले फळे, आणि मध्ये बँडमास्तर एका पोराच्या स्लाइडवर थेंब थेंब तेल सोडत, पोराला हसवत बसलेले.

"तेलाचं काय झालं?" काचवाले म्हणाले. "ते भांडारानं द्यायचं असतं. मी देतो."

"द्या हो सावकाशीनं. काय घाई आहे?" बँडमास्तर वर न बघता म्हणाले. मग खोलीभर ऐकू जाईल असं मुलांना म्हणाले, "हे बघा, हे कोण माहितेय ना? यांनी ज्या वाद्यावरून हात फिरवलाय ना, ते वाद्य माझ्या बँडमधल्या वाद्यासारखं चालायला लागलंय. शपथेवर सांगतो. तीन आलेत परत, तिन्ही बघा."

मुलांनी मान वळवून काचवाल्यांकडे पाहिलं. तारवाली मुलगी दुसऱ्या रांगेत होती, वाद्य मांडीवर. कौतुक झालं की माणसाला बरं वाटतं. काचवाल्यांना ते कौतुक कोटाच्या कॉलरमध्ये गेलेल्या कापलेल्या केसांसारखं दिवसभर टोचत राहिलं. म्हणजे हा माणूस सरळ केलेली नळीसुद्धा हातानं ओळखतो. आणि ओळखून गप्प बसत नाही, वर चांगलं बोलतो.

डिसेंबरपर्यंत आठही वाद्यं नीट चालायला लागली. शाळांच्या तपासणीत मुलांना चांगला शेरा मिळाला. शेरा होता: 'शिक्षकांची मेहनत दिसते.' शिक्षकांची. काचवाल्यांनी तो कागद फायलीत लावताना भोक जरा जास्तच जोरात पाडलं.

पुढच्या मार्चमध्ये पुन्हा मंजुरी आली, चार नगांची. पुन्हा तीन रंगांच्या पेट्या. पुन्हा बँडमास्तर, यावेळी चष्म्यासह. त्यांनी फुंकलं, म्हणाले, "मला विचाराल तर अजूनही तपकिरी. पण मला विचारू नका." काचवाल्यांनी दुसरे नमुनेसुद्धा पेटीतून काढून धुतले. सगळे, सहाच्या सहा. आकडे गेल्या वर्षीसारखेच आले. अहवालात त्यांनी लिहिलं: तपकिरी पेटी. पान संपलं होतं, म्हणून खाली उरलेल्या जागेत बारीक अक्षरात चार ओळी लिहिल्या. गेल्या वर्षीचा निळ्या वाद्याचा स्लाइडचा आकडा न धुतलेल्या नमुन्याचा होता. धुतलेल्याचा आकडा सतरा होता. तो मला माहीत होता. वादक-सल्लागारांचं मत तेव्हाही बरोबर होतं.

शेवटची ओळ लिहायला त्यांना बाकीच्या सगळ्या अहवालाएवढा वेळ लागला.

बँडमास्तरांनी सहीसाठी कागद पुढे ओढला. "खाली काहीतरी बारीक लिहिलंयत."

"हं."

"महत्त्वाचं आहे?"

"आहे."

"मग मोठ्या बाई वाचतील. मला हा चष्मा लांबचा दिलाय मेल्यानं, जवळचं काही दिसत नाही." आणि त्यांनी सही ठोकली.

मोठ्या बाईंनी मात्र वाचलं. काचवाल्यांना एकट्यालाच वर बोलावलं आणि दार लावून घ्यायला सांगितलं.

"हे का लिहिलंत?" त्यांनी विचारलं. "मला कळलं नसतं."

"नसतं कळलं."

"आणि केलंत का?"

काचवाले खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ते दहा मिनिटांत सांगतात, बाई."

मोठ्या बाईंनी बराच वेळ पेन बोटांत फिरवलं. "ही नोंद तुमच्या फायलीत जाईल," त्या शेवटी म्हणाल्या. "आणि यापुढे अहवालावर पहिली सही त्यांची, दुसरी तुमची. त्या मुलांपैकी कोणी सोडलं का?"

"एक सोडणार होती. सोडलं नाही."

"तिला सांगितलंत?"

सांगितलं नव्हतं. संध्याकाळी काचवाले सरावखोलीवर गेले. वर्ग सुटला होता, तारवाली मुलगी पेटी मिटत होती. सहा महिन्यांत ती पेटीपेक्षा चांगलीच उंच झाली होती.

"तुला एक सांगायचं होतं," काचवाले म्हणाले. "सप्टेंबरात तू म्हणालीस ना, माझा हात खराब आहे. हात खराब नव्हता. वाद्य वाकडं होतं."

"माहितेय."

"काय माहितेय?"

"सरांनी तेव्हाच सांगितलं होतं. मी वाद्य तुमच्याकडे ठेवून आले, बाकीच्यांना त्यांनी तेल घातलं, त्या दिवशी. म्हणाले, ही वाद्याची खोड आहे, तुझी नाही, आणि काचवाले ती काढतील, तू फक्त सोडू नकोस." तिनं पेटीची कडी लावली. "म्हणून तर सोमवारी आले मी."

काचवाल्यांना वाटत होतं, सोमवार आपण दिला होता.

"वाकडं का निवडलं, ते नाही सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"नाही. का निवडलं?"

"मीच निवडलं. मला माहीत असून."

मुलीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं, मोठी माणसं मूर्खपणा करतात तेव्हा मुलं बघतात तसं. "बरं," ती म्हणाली. "आता चालतंय." आणि पेटी उचलून गेली. पायऱ्यांवर तिचा आवाज आला, "सर, थांबा ना," आणि त्यावर बँडमास्तरांचं खळखळून हसणं.

काचवाले रिकाम्या खोलीत जरा वेळ उभे राहिले. एक खुर्ची रांगेबाहेर होती ती त्यांनी रांगेत लावली. मग खोलीतला दिवा बंद करून ते भांडारात आले, आणि दुसऱ्या दिवशी धुवायची वाद्यं त्यांनी बेसिनशेजारी मांडून ठेवली.

त्या अहवालाला दोन वर्षं होत आली. अहवालावर पहिली सही बँडमास्तरांची असते, दुसरी काचवाल्यांची. बँडमास्तर अजून वाचत नाहीत. सप्टेंबरातल्या तेलाच्या आठ बाटल्या, पंच्याऐंशीची एक. ते सहाशे ऐंशी काचवाल्यांनी अजून दिलेले नाहीत.